सही करायच्या आधी

सिंगापूर,
रविवार, १५ जून २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई,

शिरसाष्टांग नमस्कार. आजीच्या पाया पडते. दादाला नमस्कार.

मी खुशाल आहे. परवा व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा पडला होता म्हणून हे आधी लिहिते. आई, मी वाळलेली नाही. खोलीतला दिवा पांढरा आहे, त्यात सगळेच तसे दिसतात. रात्री वरणभात करते, कधी सुकटीची चटणी. तू दिलेला मसाला अजून अर्धी बरणी शिल्लक आहे. ऑफिस, गाडी, डबा सगळं तुम्हाला ठाऊक आहे तसंच चाललंय, त्याचं वेगळं काय लिहू?

पत्र लिहायला बसले ते चाळीसाठी, ती पाडून बिल्डर टॉवर बांधणार आहे त्यासाठी. फोनवर हा विषय निघाला की बाबा ‘बघू’ म्हणतात, दादा चिडतो आणि आई फोन आजीच्या हातात देते. माझं बोलणं राहूनच जातं. ऑफिसातली एक मुलगी शुक्रवारी दादरला जातेय, तिच्याबरोबर हे पाठवते. आजीला मोठ्याने वाचून दाखवा. बाबा, २९ तारखेच्या भाडेकरूंच्या सभेआधी तुम्ही एकदा एकट्याने, चष्मा लावून वाचा.

आधी आईच्या काळज्या. घरमालकीण चिनी आहे म्हणून तुला धास्ती वाटते ती आता सोड. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मी त्यांना आंटी म्हणते, इथे सगळेच म्हणतात. त्या डुकराचं मटण शिजवतात हे खरं आहे, पण त्यांची कढई वेगळी, माझी वेगळी, आणि फ्रीजमधला एक अख्खा कप्पा त्यांनी मला रिकामा करून दिलाय. मला रात्री उशीर झाला तर जिन्याकडे कान लावून जाग्या असतात. आल्यावर काही बोलत नाहीत, नुसता त्यांच्या खोलीतला दिवा बंद होतो. अकराव्या मजल्यावरून खाली बघताना चक्कर येत नाही, खिडक्यांना गज आहेत. डेंग्यूचं म्हणशील तर इथे घरात साचलेल्या पाण्यात अळ्या सापडल्या की दंड होतो, म्हणून कुंडीखालची ताटली मी रोज उपडी करते. झालं?

बाबांनी विचारलं होतं, सरकारी इमारतीत का राहतेस, पगार पुरत नाही का. पुरतो, बाबा. सरकारी इमारत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं तसं इथे नाही. इथल्या रहिवाशांपैकी दर पाचातले जवळजवळ चार जण अशाच इमारतींत राहतात, आणि बहुतेकांची घरं मालकीची आहेत, ९९ वर्षांच्या पट्ट्यावर. डॉक्टर, मास्तर, टॅक्सीवाला, सगळे एकाच लिफ्टने वर जातात. मी राहते त्या तोआ पायोहमध्ये साठच्या दशकापासून अशा इमारती उभ्या राहत गेल्या.

हे सगळं ज्या मंडळाने बांधलं त्याला एचडीबी म्हणतात, आपल्याकडे म्हाडा आहे तसं. ते १९६० साली निघालं. तोवर गावातली पुष्कळ माणसं झावळ्यांनी किंवा पत्र्याने शाकारलेल्या लाकडी घरांत राहायची. त्या वस्त्यांना कांपोंग म्हणतात. आंटींचं माहेर बुकित हो स्वीच्या कांपोंगात. २५ मे १९६१ला तिथे आग लागली आणि साधारण सोळा हजार माणसं उघड्यावर आली. आंटी तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. धाकट्या भावाला पाठुंगळी घेऊन पळाल्या आणि त्यांची आई तांदळाचं पिंप ओढत मागून आली, हे त्या अजून हातवारे करून सांगतात. वर्षाच्या आत लोकांना पक्क्या इमारतींत घरं मिळाली.

आजी, हे तुझ्यासाठी लिहिते. इथल्या लोकांनाही वर जाऊन राहणं सोपं गेलं नाही. यांचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी स्वतः लिहून ठेवलंय की शेतकरी आपली डुकरं जिन्याने वर चढवताना दिसायचे. एका कुटुंबाने कोंबड्या-बदकं स्वयंपाकघरात पाळली होती आणि ती बाहेरच्या खोलीत येऊ नयेत म्हणून मधे लाकडी फाटक लावलं होतं. जुन्या लांबलचक इमारतींत लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायची, म्हाताऱ्या माणसांना उरलेले मजले पायऱ्यांनी जावं लागे. ते बदलायचं काम २००१ साली हाती घेतलं, तेव्हा कुठे हळूहळू ती प्रत्येक मजल्यावर थांबायला लागली. लोक लिफ्टमध्येच लघवी करायचे, म्हणून ऐंशीच्या दशकात ती ओळखणारी यंत्रं बसवली होती. यंत्राला कळलं की लिफ्ट अडकायची आणि माणूस आत सापडायचा. आंटींची आई तर जन्मभर लिफ्टला घाबरली. ‘मला पेटीत घालून वर नेणार का’ असं तू दादाला म्हणालीस ना, ते मी आंटींना सांगितलं. त्या म्हणाल्या, माझी आईही अगदी हेच म्हणायची.

आता ज्यासाठी एवढं लिहिते ते.

आमच्या इमारतीचा तळमजला रिकामा आहे. तिथे घर नाही, दुकान नाही, गाडी लावायलाही जागा नाही. खांब आहेत, फरशी आहे, भिंतीशी सगळ्या घरांच्या पत्रपेट्या आणि मधे सिमेंटची गोल टेबलं, त्यावर बुद्धिबळाचा पट फरशीच्या तुकड्यांनी बसवलेला. याला इथे व्हॉइड डेक म्हणतात. सुरुवातीच्या इमारतींना खाली घरं असायची. सत्तरच्या सुमारापासून तळ मोकळा सोडायची पद्धत पडली. वारा आरपार जातो, पावसात पोरं तिथे खेळतात, म्हातारे दुपारभर बसलेले असतात.

गेल्या महिन्यात आमच्या सातव्या मजल्यावरचे एक आजोबा गेले. मी सकाळी खाली उतरले तर व्हॉइड डेकचा अर्धा भाग पांढऱ्या-पिवळ्या कापडाने बंद केलेला. आत गोल टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर आजोबांचा मोठा फोटो, फुलांची चक्रं आणि पडद्यामागे शवपेटी. आई, दचकू नकोस, पण पेटी तिथे पाच दिवस होती. इथले चिनी लोक तीन, पाच किंवा सात दिवस ठेवतात, विषम आकडाच लागतो. पाचही दिवस आम्ही सगळे त्याच्या शेजारून ऑफिसला जात होतो, मुलं शाळेत जात होती, कुणी भाजी घेऊन येत होतं.

रात्री त्याहून नवल. मी अकराच्या सुमारास आले तर घरची माणसं पेटीपासून दहा पावलांवर पत्ते खेळत बसलेली! टेबलावर शेंगदाणे, भोपळ्याच्या बियांसारख्या कसल्या तरी बिया, सरबताची पाकिटं. हसत होती, मोठ्याने बोलत होती. मला ते बघवेना. आंटींना विचारलं तर त्यांनी समजावून सांगितलं: गेलेल्या माणसाला रात्री एकटं ठेवायचं नाही, कुणीतरी जागं राहिलंच पाहिजे. पाच रात्री जागायचं तर पत्ते लागतात, खायला लागतं, गप्पा लागतात. रडून रडून दुसऱ्या दिवशी सगळे झोपून गेले तर आजोबांजवळ कोण बसेल? घरच्यांच्या बाहीवर कापडाचा लहानसा चौकोन टाचलेला असतो. मुलाचा रंग वेगळा, नातवंडांचा वेगळा. बघणाऱ्याला न विचारता नातं कळतं. भेटायला जाणारा पांढऱ्या पाकिटात पैसे देतो, तेही विषम. टेबलावर लाल दोरे ठेवलेले असतात, एक घ्यायचा, बोटाला गुंडाळायचा आणि घरात शिरायच्या आधी वाटेत टाकून द्यायचा. मी आंटींबरोबर जाऊन आले. दोरा घेतला आणि टाकला. वर आल्यावर आंघोळही केली, त्यामुळे आईने सुतकाचा विचार करू नये.

आंटी म्हणाल्या ते मात्र माझ्या डोक्यात राहिलं. कांपोंगात घरापुढे अंगण असायचं, मांडव अंगणात पडायचा. दोन खोल्यांच्या घरात पेटी मावणार कुठे आणि एवढी माणसं बसणार कुठे? इमारतीखाली ही जागा नसती तर आमचं सगळं हॉलमध्ये गेलं असतं, वेळ ठरवून, भाडं भरून, आणि शेजाऱ्याला पत्ताही लागला नसता की वरचा म्हातारा गेला.

दोन आठवड्यांनी त्याच फरशीवर मलाय मुलीचं लग्न. आदल्या रात्रीपासून मोठमोठी पातेली चढलेली, सकाळी डफांच्या तालावर नवरा आला, चकचकीत कागदाच्या फुलांच्या काठ्या धरून मुलं पुढे. नवरा-नवरी सजवलेल्या कोचावर राजा-राणीसारखी बसतात आणि येणारा जाणारा त्यांना बघून जेवायला बसतो. ती मुलगी आमच्याच मजल्यावरची, तिच्या आईने गॅलरीतल्या प्रत्येक दाराशी येऊन बोलावलं होतं. मीही जेवले. बिर्याणी कोंबडीची होती, विचारून खाल्ली.

हो, आमच्या मजल्यावर गॅलरी आहे! अगदी आपल्यासारखी, एका बाजूला कठडा आणि एका बाजूला दारं. सुरुवातीच्या इमारतींत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत असायची. मग यांच्या लक्षात आलं की एवढ्या लांब गॅलरीत कुणीही परका फिरतो आणि कुणी कुणाला ओळखत नाही. म्हणून पुढच्या इमारतींत तिचे तुकडे केले, सहा-आठ घरांमागे एक. लिऊ थाय केर नावाचे वास्तुरचनाकार बरीच वर्षं या मंडळात होते, दहा वर्षं प्रमुखही होते. यंदा जानेवारीत ते गेले तेव्हा आमच्या ऑफिसात दिवसभर त्यांच्याबद्दलच बोलणं चाललं होतं. किती घरांनी एक वाट वाटून घेतली तर माणसं एकमेकांना नावाने हाक मारतील, यावर या लोकांनी एवढा विचार केला, हे ऐकून मला भरून आलं. आपल्या चाळीत हे कुणी ठरवून केलं नव्हतं.

आणखी एक. घराला बाहेरून लोखंडी जाळीचं दार असतं आणि आत लाकडी. घरात माणूस असलं की लाकडी दार उघडं आणि जाळी बंद. वारा येतो, जाणाऱ्याला आतलं दिसतं, आतल्याला बाहेरचं. उजवीकडच्या तमिळ वहिनींच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण आणि उंबऱ्याशी रांगोळी. आंटींच्या दाराबाहेर लाल देव्हारा, त्यात उदबत्त्या. पलीकडे मलाय घराच्या चपलांची ओळ. या शेजारामागे कायदा आहे. १९८९पासून प्रत्येक इमारतीत कुठल्या समाजाची किती घरं असावीत याची मर्यादा ठरलेली आहे, चिनी ८७ टक्क्यांवर नाहीत, मलाय २५ टक्क्यांवर नाहीत, असं. त्याआधी एकेका समाजाच्या वस्त्या वेगळ्या पडायला लागल्या होत्या. याचा जाचही होतो. आमच्या तमिळ वहिनींना घर विकायचं होतं, पण चिनी गिऱ्हाईक त्यांना चालत नव्हतं, कारण आमच्या इमारतीत चिनी घरांची मर्यादा भरलेली. भाव कमी आला आणि त्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते बरोबर वाटत नाही. तरी त्यांची मुलगी आणि मलाय घरातला मुलगा एकाच टेबलावर अभ्यास करतात, तेही मी रोज बघते.

सगळंच गोड आहे असं मी सांगत नाही. या इमारती बांधणारी माणसं, आपल्याकडची, बांगलादेशची, यांत राहत नाहीत. त्यांच्यासाठी गावाबाहेर डॉर्मिटऱ्या आहेत, एका खोलीत वर-खाली पलंग. रविवारी लिटल इंडियात ती गवतावर बसलेली दिसतात, फोनवर घरी बोलत. आजोबांची गिरणीतली पहिली वर्षं मला तेव्हा आठवतात. कुणाला कुठली जागा दिली ते बघितलं की समाज कुणाला आपला मानतो ते कळतं. मी इथे नकाशे काढते म्हणून हे मला जास्त टोचतं.

बाबा, आता आपलं.

दादाने पाठवलेला नकाशा मी मोठा छापून घेतला आणि दोन रविवार त्यावर बसले. तळाला दुकानं. त्यावर चार मजले गाड्या. मग घरं, प्रत्येक मजल्यावर आठ, मधे लिफ्टची लॉबी. त्या लॉबीला एकही खिडकी नाही, भर दुपारी दिवा लागणार. आठही दारं त्या अंधाऱ्या चौकोनात उघडणार आणि उघडली की बंद होणार. गॅलरी नाही. खाली बसायला जागा नाही. गणपती कुठे बसणार ते नकाशात नाही. आजी कुठे बसणार तेही नाही.

बिल्डर वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याचा हिशेबच तसा आहे. जुन्या भाडेकरूंना घरं फुकट द्यायची आणि शेजारचा टॉवर विकून खर्च काढायचा, मग ज्या फुटाचे पैसे येत नाहीत तो फूट त्याच्या लेखी वाया. इथे जमीन सरकारची आणि बांधणारंही सरकार, म्हणून एक अख्खा मजला मोकळा सोडता आला. पण इथेही नव्या इमारतींत व्हॉइड डेक आखडत चाललाय, त्यामुळे ज्याला ही जागा हवी त्याला ती मागावीच लागते.

आपल्या चाळीच्या मालकानेही गॅलरी प्रेमापोटी ठेवली नव्हती. एका जिन्यावरून मजल्यावरच्या वीस खोल्यांना जायला वाट हवी, ती बाहेरून काढली की स्वस्तात उजेड आणि वारा मिळतो, एवढंच. दहा बाय बाराच्या खोलीत गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे माणसं झोपायची आणि बाकीचा दिवस गॅलरीत काढायची. त्या वाटेनेच आपल्याला घडवलं. आजीनेच सांगितलंय, ८२च्या संपात कुणाच्या घरी स्टोव्ह पेटला नाही ते गॅलरीतून जाता-येता कळायचं, म्हणून कुणाला मागायला न लागता ताट झाकून पोचायचं. आई कामावर असायची तेव्हा मला जेवायला कुणी वाढलं? पलीकडच्या खोलीतल्या काकूंनी, आणि त्यांना काही सांगावं लागलं नव्हतं. दार उघडं होतं, मी दिसत होते.

तरी चाळ तशीच ठेवा असं मी म्हणणार नाही. संडासाच्या रांगेत आजी बादली घेऊन उभी राहते ते मला इथे झोपेत दिसतं. यंदा मे संपायच्या आतच पाऊस आला आणि तुम्ही छताखाली पातेली लावलीत, ते फोनवर तुम्ही मला सांगितलं नाहीत, दादाने सांगितलं. भाडं गोठलेलं, मालकाने डागडुजी कधीच सोडलेली, टेकू लावून किती दिवस काढायचे? आईला स्वतःची मोरी आणि संडास मिळायलाच हवा. टॉवर होऊ दे. फक्त सही करायच्या आधी काही गोष्टी कागदावर घ्या.

गाड्यांच्या चार मजल्यांपैकी सगळ्यात खालच्या मजल्याचा एक भाग गाड्यांशिवाय ठेवायला सांगा, आपला मांडव मावेल एवढा, आणि तो नकाशात रंगवून करारनाम्याला जोडायला लावा. आपल्याकडे स्टिल्टची, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली जागा मोकळी म्हणून दाखवतात आणि वर्षभरात तिथे पट्टे मारून गाड्या लागतात. तोंडी कबुलीवर राहू नका. लॉबीला एका बाजूने बाहेरची भिंत मिळते. तिथे खिडकी आणि एक बाक सहज बसतो, मी पेन्सिलने काढून सोबत ठेवलंय, त्यात बिल्डरचा एकही विकाऊ फूट जात नाही. घराला जाळीचा सेफ्टी डोअर सगळ्यांनी एकसारखा घ्यावा, तो आपल्या हातातला आहे. एक लिफ्ट स्ट्रेचर आडवं मावेल अशी आहे का, ते स्पष्ट विचारा. आजोबांना खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं तो दिवस मी विसरलेले नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरांची सोडत. चिठ्ठ्या टाकून घरं वाटली की आपल्या गॅलरीतली माणसं बावीस मजल्यांवर विखुरतील. आंटींचं तेच झालं. आगीनंतर त्यांच्या गल्लीतली घरं वेगवेगळ्या इमारतींत गेली आणि त्यांच्या आईची मैत्रीण तिला पुन्हा भेटली ती थेट व्हॉइड डेकवर, दुसऱ्याच कुणाच्या मयतीला. आपल्या मजल्याने मिळून अर्ज करावा की आम्हाला लागून तीन मजले द्या, आतल्या आत चिठ्ठ्या आम्ही टाकू. बाबा, तुमचा शब्द चाळीत मानतात. तुम्ही उठून बोललात तर होईल. मी तिथे असते तर नकाशा फळ्यावर लावून मीच समजावलं असतं. नाही आहे, त्याला काय करू.

आता पैशांचं. या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त पाठवले आहेत, बाबांच्या खात्यात शुक्रवारपर्यंत दिसतील. त्यातले आजीच्या गुडघ्याच्या डॉक्टरचे वेगळे काढा, ते दुसरीकडे वळवू नका. बिल्डर भाड्यापोटी जे देणार त्यात लालबागमध्ये खोली मिळणार नाही हे दादा म्हणतो ते खरं आहे, पण म्हणून कल्याणच्या पुढे जाऊ नका. वरचा फरक मी दर महिन्याला भरेन. बाबा, ‘मुलीचे पैसे’ असा विचार मनात आणू नका. टॉवरचा मेंटेनन्स दर महिन्याला लागेल, त्यासाठी बिल्डर कॉर्पस फंड, म्हणजे ठेव म्हणून रक्कम, किती देणार आणि तो कुणाच्या नावावर राहणार, तेही सभेत विचारा.

दादा, तुझ्या सासरकडची मंडळी ‘जागा झाल्यावर बघू’ म्हणताहेत असं आईने सांगितलं. जागेला चार वर्षं तरी लागतील. तितकं थांबू नकोस. चाळ रिकामी करायची नोटीस यायच्या आत, डिसेंबरात लग्न करा. हळद आपल्याच गॅलरीत, मांडव खालच्या अंगणात. मांडवाचा आणि जेवणाचा खर्च माझा, हे वहिनीच्या घरी आधी सांगायचं नाही. मला यंदा एकदाच रजा मिळणार आहे आणि ती मी लग्नासाठी राखून ठेवली आहे.

म्हणजे गणपतीला येणं होणार नाही. चाळीतला हा शेवटचा गणपती असेल, मला माहीत आहे. आई, काही बोलू नकोस यावर. इथे महाराष्ट्र मंडळाचा गणपती असतो, मी जाईन, आरती म्हणेन, प्रसाद खाईन. तुम्ही मोबाइल कठड्याला टेकवून ठेवा, विसर्जनापर्यंत.

कंपनीने माझं काम आणखी दोन वर्षांसाठी वाढवलंय. फोनवर सांगायचं होतं, पण तू ‘कधी येतेस’ विचारलंस आणि मग जमलं नाही. पगार वाढला आहे. दोन वर्षं म्हणजे फार नाही.

ठाण्याच्या मुलाशी मी बोलले. मुलगा चांगला आहे, साधा आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याला मी लगेच परत यायला हवं आहे, आणि मला आत्ता येता येणार नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने ते नीट ऐकून घेतलं. तू त्याच्या आईला फोन करून माफी मागत बसू नकोस, आमचं आम्ही मिटवलंय. लग्न करायचंच नाही असं मी म्हटलेलं नाही. पुढची स्थळं बघायला हरकत नाही, फक्त पत्रिकेसोबत माझं कामही सांग. आणि माझ्या वयाचा हिशेब गॅलरीत सगळ्यांपुढे काढू नकोस, काकूंनी तो मला व्हॉट्सअॅपवर पाठवला.

बाबा, साखरेचा रिपोर्ट अजून आलेला नाही. आला असेल आणि सांगितला नसेल तर दादाने मला सांगावा.

तुमची,
मनू

ता. क. सोबतच्या पाकिटात लॉबीचा आणि खालच्या मजल्याचा नकाशा आहे, घडी घालताना शाई थोडी पसरलीय. त्याच्या दहा प्रती काढा आणि सभेआधी प्रत्येक मजल्यावर दोन-दोन द्या. आजीचा बाक मी खिडकीच्या डाव्या हाताला काढलाय, उजवीकडून ऊन येतं.